दाढीनंतरची आंघोळ

माझ्या सासऱ्यांचा फोटो आमच्या बैठकीत लावला आहे. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघून म्हणतात, "काय तुळतुळीत चेहरा होता हो मधुकररावांचा." मी त्यांच्यापुढे पाण्याचा ट्रे धरते आणि गप्प राहते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. मला तो पाळता येत नाही, म्हणून मी बोलतच नाही. मला मधुकरराव पौनीकर आवडत नव्हते. त्यांना मी आवडत नव्हते. या एका बाबतीत आमच्यात कधी गैरसमज झाला नाही.

माणूस तोंडाने वाईट नव्हता, हे आधी सांगते. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. त्यांचं एक पालुपद होतं, "आपलं काही म्हणणं नाही." समोरच्याची सालटी काढायची आणि शेवटी हे वाक्य ठेवून मोकळं व्हायचं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंना म्हणाले, "तुमचा पोरगा शिकते म्हणता, पण मले तं तो पानठेल्यावरच दिसते. आपलं काही म्हणणं नाही." राजेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आमचं जमल्याचं घरी सांगितलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "नागपुरात पोरींचा दुष्काळ पडला का? आपलं काही म्हणणं नाही." माझं माहेर नागपुरातल्याच इंदोऱ्याचं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध. सासरचे मूळचे विणकर, पण माग कधीच मोडीत निघाला होता. मधुकरराव कन्हानकडच्या कोळसा खाणीत हजेरीबाबू होते आणि रिटायर झाल्यावर प्रताप नगरात घर बांधून राहत होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, तसं मीही म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे. मी रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते, त्यावरून ते मॅडम. सुनेला सून न म्हणण्याची ही त्यांनी काढलेली सभ्य तोड होती.

मी त्या घरात गेले त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला माठ त्यांच्या खोलीत गेला. माठ उचलला, खोलीत तिवईवर ठेवला, वर पितळी झाकण. स्वयंपाकाला एक बाई लावली होती. ती यायची नाही त्या दिवशी मामाजींना उपास असायचा. मी वाढलं की भूक नसायची. मी चहा केला की ॲसिडिटी व्हायची. त्यांच्या सख्ख्या बहिणीला, सुशीलाआत्यांना, असलं काही नव्हतं. त्या उमरेडहून आल्या की माझ्या हातच्या पाटवड्या मागून खायच्या आणि रस्सा वरून ओतून घ्यायच्या. म्हणजे घराण्याचं वगैरे काही नव्हतं, हे सगळं या एका माणसाचं होतं. राजेश म्हणायचा, "सोड ना वं, म्हातारा माणूस आहे." मी सोडत नव्हते. मला त्या माणसाने माझ्या हातचा एक कप चहा प्यायला हवा होता. दुसरं काही नको होतं. माफी नको, आशीर्वाद नको, नुसता चहा.

आता त्यांच्या दाढीबद्दल. मामाजी वस्तऱ्याने दाढी करायचे. हाडाच्या मुठीचा उघडझाप वस्तरा कामठीच्या छावणीतल्या कुणा साहेबाच्या खानसाम्याकडून मिळवला होता म्हणे. खिडकीच्या गजाला चामडी पट्टा टांगलेला असायचा, त्यावर पातं उलटसुलट फिरवल्याचा चपचप आवाज हा आमच्या घरातला सकाळचा पहिला आवाज. मग गॅलरीत स्टूल, आरसा, वाटी, ब्रश. सगळ्या गल्लीला दिसेल अशी ती दाढी चालायची. दाढी झाली की तांब्याभर गार पाणी तोंडावर, तुरटीचा खडा गालावरून फिरवायचा, आणि नंतर सवडीने साधी आंघोळ. सत्तरी उलटलेल्या त्या गालांवर कधी पुळी नाही, ओरखडा नाही. रस्त्याने जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांना थांबवून विचारायचे, "काहून गा, तोंडावर तूरडाळ काहून पेरून ठेवली?" ब्लेडवाल्या पोरांचे लाल गाल आणि हनुवटीखालचे फोड यावर त्यांचं भाषण तयार असायचं. आणि खरं सांगायचं तर त्या भाषणात चूक काही नसायची.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. एका सकाळी आरशावर रक्त उडालं. राजेशने करून बघितली, कानाच्या पाळीखाली कापलं. घराजवळच्या सलूनवाल्यांशी त्यांची पूर्वीच भांडणं झाली होती, कारण मामाजी खुर्चीत बसून त्यांनाच शिकवायचे. साधा ब्लेडचा रेझर त्यांना लावून दिला, तर दोन दिवसांत मानेवर बारीक फोड आले. दाढी वाढली तसे मामाजी गॅलरीत दिसेनासे झाले. खोलीचं दार लोटून बसायचे. दुधवाल्याशीही दाराआडून बोलायचे.

आणि एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. दारात उभं राहून मी ऐकलं.

"मॅडम, तुमचा हात स्थिर आहे म्हणे. शिरेत सुई घालता तुमी."

"हो मामाजी."

"वस्तरा शिकाल का?"

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. मला वाटलं, जो माणूस गळा माझ्या हातात देतो, तो चहा किती दिवस टाळेल? मी हो म्हटलं.

शिकवणी कोहळ्यावर झाली. बाजारातून मोठाले कोहळे आणायला लावले. कोहळ्यावर पांढरी भुकटी असते, तिच्यावर साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो असा काढायचा की भुकटी निघाली पाहिजे, पण हिरव्या सालीला पातं लागता कामा नये. मामाजी चष्मा लावून शेजारी बसायचे, पण हातभर लांब. वस्तरा कसा धरायचा हे त्यांनी बोटाला बोट न लावता, हवेत आपला थरथरता हात धरून दाखवलं. साल खरचटली की म्हणायचे, "हा माणूस मेला, मॅडम. दुसरा आणा." मेलेल्या माणसांची भाजी करून करून आम्ही कंटाळलो. ती भाजी मामाजी अर्थातच खात नव्हते.

मास्तर म्हणून ते छळवादी होते, पण आळशी नव्हते. एका कोहळ्यावर त्यांनी स्केचपेनने आपल्या दोन्ही गालांचा नकाशा काढला. केस कुठे खाली पडतात, जबड्याच्या कोपऱ्यावर कसे आडवे वळतात, गळ्यावर उजवीकडे कसे उलटे वर जातात, सगळीकडे बाण. "आग कायनं होते, सांगा." मी म्हणायचे, केसांच्या उलट पातं फिरवल्याने. "अजून?" दाबल्याने. "अजून?" फेस वाळल्यावर त्याच जागेवर परत वस्तरा नेल्याने. "अन् बोअरच्या पाण्यानं," ते पुरं करायचे. "त्या पाण्यानं फेस फाटते. नळाचंच पाणी पाहिजे, कन्हान नदीचं." दाढीआधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर ठेवायचा, केस मऊ होईपर्यंत हलायचं नाही. एका हाताने कातडी ताणायची. पातं जवळजवळ आडवं धरायचं आणि आपण जोर लावायचाच नाही, त्याच्या वजनाने ते चालतं. हे सगळं त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं.

कोहळे पास झाल्यावर राजेशचा गाल. बिचारा डोळे मिटून बसला. कापलं नाही, पण ऑफिसला जाईपर्यंत गाल चुरचुरायला लागला. मामाजींना इतका आनंद झालेला मी त्या घरात पहिल्यांदा पाहिला. "आग होऊन राहिली ना? तुमी दाबलं. रक्त काढाची सवय, दुसरं काय." पुढच्या खेपेला चुरचुरलं नाही. तेव्हा ते काही बोलले नाहीत.

मग ते स्वतः गॅलरीतल्या स्टुलावर येऊन बसले. मान मागे टाकली, डोळे छताकडे. मी टॉवेल ठेवला, फेस केला, त्यांच्या गालावर डाव्या हाताची बोटं ठेवून कातडी ताणली. लग्नानंतर पहिल्यांदा माझा हात त्यांना लागला होता. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर-खाली झाली. मला त्या वेळी त्यांची दया वगैरे आली नाही. मी फक्त बाण आठवत होते. दाढी उत्तम झाली. समोरच्या घरातले काका ओरडून म्हणाले, "वा मधुकरराव, सुनेच्या हाताले जादू आहे." मामाजी उठले आणि थेट बाथरूमला गेले.

दुपारपर्यंत त्यांचे गाल लाल झाले. संध्याकाळी गळ्यावर पुरळ. "हात जड आहे मॅडमचा. आपलं काही म्हणणं नाही." मी हिरमुसले, पण हार मानली नाही. टॉवेल जास्त वेळ ठेवला. साबण बदलला. पट्ट्यावर पातं जास्त वेळ फिरवलं. गळ्यावर दुसऱ्यांदा पातं फिरवायचंच सोडलं. राजेशची दाढी मी त्याच वस्तऱ्याने करायचे, त्याला काही होत नव्हतं. मामाजींचे गाल मात्र दर खेपेला भाजल्यासारखे दिसायचे. लॅबमध्ये सुई हातात घेतली तरी माझ्या डोक्यात तोच विचार, कुठे चुकतंय?

एकदा पाइपलाइनच्या कामामुळे आमच्या भागात दिवसभर नळ नव्हते आणि छपरावरची टाकी धुवायला काढलेली. दाढीपुरतं पाणी होतं, ती झाली. आंघोळ राहिली. मामाजी दिवसभर खोलीत अस्वस्थ येरझाऱ्या घालत होते, टाकी भरली का, म्हणून तीनतीनदा विचारत होते. आणि त्या दिवशी त्यांचा गाल लाल झाला नाही. रात्रीच्या जेवणाला ते बाहेर आले तेव्हा मी ट्यूबलाइटखाली नीट पाहिलं. लहान पोरासारखा गाल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बाथरूममध्ये गेले. कोनाड्यात कपड्यांचा लाल साबण होता, आणि शेजारी नारळाचा काथ्या. भांडी घासायला वापरतो तोच. त्याच्यात पांढऱ्या केसांचे बारीक खुंट अडकले होते. स्वतःच्या हाताने दाढी करायचा तेव्हा हाच माणूस गार पाणी आणि तुरटीवर भागवायचा. काथ्या माझ्यासाठी आला होता.

मी तो हातात घेऊनच त्यांच्या खोलीत गेले.

"मामाजी, आग वस्तऱ्यानं होत नाई. तुमी गरम पाण्यात हा काथ्या गालावर घासता, म्हून होते. पातं फिरल्यावर कातडी नाजूक असते."

"हे मले सांगता? मीच तं शिकवलं तुमाले."

"मग काहून घासता?"

ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. हिशेब समजावून सांगणारा माणूस बघतो तसे. "दाढी झाली का आंघोळ करावीच लागते. कोणंबी केली तरी. आमच्या बाबांच्या वेळेपासून हेच चालू आहे. म्हून तं हे काम तुमाले देता आलं. जेवणाचं तसं नाई ना. अंगाले लागलेलं धुता येते, पोटात गेलेलं धुता येत नाई. आपलं काही म्हणणं नाही."

एवढं स्पष्ट ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते. मी काथ्या त्यांच्या पलंगावर ठेवला आणि लॅबला निघून गेले. त्या दिवशी एका पेशंटची शीर मला सापडेना, असं माझं कधी होत नाही.

तरीही मी दाढी करत राहिले. लोकांना वाटेल, हिचं मन मोठं. मन अजिबात मोठं नव्हतं, मी इरेला पेटले होते. माझ्या हातून गाल सुटायचा तेव्हा तो निर्दोष असायचा, पुढे त्याचं जे व्हायचं ते त्यांच्या हातांनी. मला ते रोज बघायचं होतं. आग त्यांची त्यांना होत होती, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्यात समाधान होतं.

आत्यांच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता उमरेडला. मामाजींनी सकाळी दाढी करून घेतली, घासून आंघोळ केली, पांढरं धोतर नेसले आणि लालभडक तोंडाने मांडवात जाऊन बसले. बायका माझ्याभोवती जमल्या. "काहून वं, बुढ्याचा गाल सोलला का तू?" मामाजी पलीकडेच होते. त्यांनी ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिकून राहिली. हात जड आहे. आपलं काही म्हणणं नाही."

तिथे माझा तोल सुटला. "माझा हात जड नाई," मी म्हटलं. "माझा हात लागला म्हून मामाजी काथ्यानं गाल घासतात. मले धुऊन काढतात ते. दाढी झाली का रोज."

कुणीतरी मुलांना बाहेर काढलं. राजेश खाली मान घालून पायातल्या बुटांकडे बघत राहिला. सुशीलाआत्या भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं आहे का गा, मधू?" मामाजींनी ताटातली जिलबी उचलली, थरथरत्या हातातून ती एकदा पडली, परत उचलली आणि खाल्ली.

मला वाटलं, आता हे प्रकरण संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामाजी गॅलरीत स्टुलावर बसलेले, गळ्याभोवती टॉवेल, शेजारी वाटी आणि ब्रश. काल काही झालंच नाही अशा थाटात. मी आत गेले, आलं घालून चहा केला आणि तो कप त्या वाटीशेजारी ठेवला.

"हे काय?"

"आधी चहा. मग दाढी. यापुढं असंच."

ते कपाकडे बघत राहिले. मी वस्तरा पट्ट्यावर फिरवत उभी होते. खाली भाजीवाला ओरडत गेला. चहावर साय धरली. समोरचे काका त्यांच्या गॅलरीत आले, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेले. माझा हात दुखायला लागला तरी मी पट्टा सोडला नाही. मग मामाजींनी गळ्याचा टॉवेल काढला, त्याची नीट घडी केली, कपाला धक्का लागणार नाही अशा बेताने उठले आणि आपल्या खोलीत गेले. चहा मी ओतून दिला.

त्यानंतर त्यांनी दाढी केली नाही. कुणाकडूनच नाही. राजेशने आधी त्यांना विनवलं, मग मला. "एक चहा सोडून दे ना, प्रज्ञा." मी म्हटलं, "हेच तुझ्या बाबाले सांग, एक चहा पिऊन घ्या." तो चिडून घराबाहेर गेला. मी रोज सकाळी एक कप त्यांच्या दारापाशी ठेवत राहिले आणि रोज तो थंड झालेला उचलत राहिले. मामाजींची दाढी छातीकडे निघाली. ज्या माणसाने सगळ्या गल्लीला गाल दाखवले, त्याने त्या वर्षी गॅलरीचं दार उघडलं नाही. जाता-येता आम्ही एकमेकांना दिसायचो. ते नमस्कार करायचे, "मॅडम," म्हणून. मीही करायचे.

थंडीत त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. सुशीलाआत्या आल्या. त्या सकाळी ऊन चांगलं पडलं होतं, मामाजींचा पलंग खिडकीशी सरकवला होता. श्वास लांबायला लागला तशा आत्या उठल्या, माठातलं पाणी वाटीत घेतलं, त्यात तुळशीचं पान घातलं आणि म्हणाल्या, "घरच्यांनी एकेक चमचा घाला." आधी त्यांनीच घातलं. मामाजींनी गिळलं, मी गळा हलताना पाहिला. त्या गळ्यावरचे केस कसे जातात हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मग राजेशने घातलं. तेही आत गेलं. आत्यांनी वाटी माझ्याकडे दिली. "घाल वं, प्रज्ञा. तूच राहिली."

मी वाकले. त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते, माझ्याकडे की खिडकीकडे ते सांगता येणार नाही. मी चमचा ओठांना लावला. पाणी ओठांवरून बाजूला गेलं, पांढऱ्या दाढीत शिरलं आणि उशीवर उतरलं. मी पुन्हा एकदा लावला. पुन्हा तसंच. आत्यांनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली.

राजेश अजून म्हणतो, बाबांना तेव्हा शुद्धच नव्हती. असेल. मी रोज शुद्धीतल्या आणि बेशुद्धीतल्या माणसांना हात लावते. त्यांनी ओठ आवळले होते.